दुसरा घाव

अण्णा,

मी आपले भूम गाव सोडले ते तुमच्या भीतीने नव्हे, एवढेच मला सिद्ध करायचे आहे.

गळ्यातले इष्टलिंग देव्हाऱ्यात ठेवून मी ख्रिस्ती मठात सिस्टर व्हायला निघाले, तेव्हा तुम्ही कुऱ्हाडीच्या दांड्याने सख्ख्या बहिणीचा हात मोडलात. “जातीस व्हय? जा, पर हात इथंच ठिवून जा,” म्हणालात. भित्री असते तर पुढेही पळालेच असते; मी मात्र सुदानच्या दवाखान्यात गोळीबार सुरू असताना बाळंतपणे केली.

गेल्या वर्षी एक बंदूकधारी बाळंतिणींच्या खोलीत शिरला. त्याने एकीला केस धरून फरफटवले. मी सलाईनचा लोखंडी स्टँड त्याच्या डोक्यात घातला. बंदूक त्याच्या हातून गळून पडली, तो कोसळला. तो घाव त्या बाईसाठी होता. त्याचा मला पश्चात्ताप नाही.

मग पडलेल्या माणसावर मी पुन्हा स्टँड हाणला. तेव्हा डोळ्यांपुढे तुमचा चेहरा होता. तो माणूस मेला.

“शेवटी बहीण माझीच,” असे तुम्ही म्हणाल, म्हणून हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही.

तुम्हाला मी केव्हाच क्षमा केली, असे मी आयुष्यभर मानत आले. तसे मानणे ही माझी चूक होती.

सिस्टर फिलोमिना,
पूर्वीची महेश्वरी