मंदाला गोठ्यात जाऊ देईनात

मंगळवार, दिवेलागण

डोकं उठलंय नुसतं. शेजारच्या मंदाचा नवरा जाऊन आज सहावा दिवस, आणि दारात बायकांची रीघ. प्रत्येकीला पहिल्यापासून ऐकायचंय, "कसं झालं गं?" तिनं सांगताना डोळ्याला पदर लावला की लगेच, "रडू नको, पोरींकडं बघ." अगं बायांनो, मग विचारता कशाला?

मागं गोठ्यात गाय सारखी हंबरत होती. तिची धार मंदाचा नवराच काढायचा. मंदा दोनदा उठली. राहुरीहून आलेल्या तिच्या मावशीनं दोन्ही वेळा हात धरून खाली बसवलं. "दहाव्यापत्तूर उंबरा वलांडायचा न्हाई." कुणी ठरवलं हे?

मला राहवेना. मीच बादली उचलली आणि म्हणाले, "तू बस, मी काढते धार."

तर मंदा माझ्यावरच खेकसली, "तू बी तेच! मला उठू दे की."

मग त्यांच्यात आणि माझ्यात फरक तो काय?

बादली तिच्या हातात दिली. मावशीनं हात धरायच्या आत ती उंबरा ओलांडून गोठ्यात गेली. गाईच्या पोटाला डोकं टेकून मंदा धार काढत होती आणि हमसून हमसून रडत होती.

"रडू नको" अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. गिळलं.