खिडकी गेली, कॉल राहिला

प्रिय चिमणे,

रागावून लिहायला बसले होते. पहिले दोन कागद रागात लिहिले आणि रागातच फाडले. तो राग आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहिता येईल. सलग तीन शनिवार मी चष्मा पुसून, केस नीट करून कॉम्प्युटरसमोर बसले आणि तू आलीच नाहीस. 'आईला आज नकोय,' एवढाच तुझ्या लेकीचा निरोप. मी माझ्या धाकट्या बहिणीला म्हटलं, मोठी आली! पक्षाघाताने जीभ अडखळते हे ठीक, पण म्हणून मैत्रिणीला ताटकळत ठेवायचं? धाकटी म्हणाली, ताई, तुझ्या जिभेला जरा हाड असू दे. माझ्या जिभेला ते कधीच नव्हतं, हे तुला मी काय सांगू? काल तुझ्या लेकीचा फोन आला आणि सगळं कळलं.

दोष आधी त्या मेल्या यंत्राला देते. तू आणि मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये शेजारी शेजारी बसून केस पांढरे केले. बोर्डातली वायर उपटली की दिवा विझायचा, आणि दिवा विझला की लाइन तुटली. त्यात संशयाला जागाच नव्हती. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवरही कोपऱ्यातली फुली दाबली की सगळं गप्प व्हायचं. धाकटीने हौसेने आणलेलं हे नवं यंत्र मात्र अतिशहाणं. फुली दाबली की फक्त खिडकी नाहीशी होते, प्रोग्रॅम आपला मागे चालूच. तो खरोखर बंद करायचा तर वरच्या मेनूत जाऊन 'क्विट' करावं लागतं. हे मला कुणी सांगावं? काल पाहिलं, तर खालच्या पट्टीत ओळीने चित्रं आणि कितीतरी चित्रांखाली बारीक ठिपके. मी कधीच बंद केलेला पत्त्यांचा डाव, हवामान, शब्दकोडं, सगळे ठाण मांडून बसलेले. पाहुण्याला निरोप देऊन दार लावावं आणि वळून पाहावं तर तो आपला खुर्चीतच, ही कुठली रीत?

हे एवढं पाल्हाळ मी का लावलंय, ते तुला कळलंच असेल. आपण शेवटचं बोललो त्या शनिवारी मी तुला निरोपाचा हात केला, कॉम्प्युटरचा आवाज नेहमीसारखा शून्यावर नेला, फुली दाबली आणि तुझा चेहरा गेला. मग मी धाकटीकडे वळून जे बोलले ते तू ऐकलंस. तरी मी ते इथे लिहिते, मागाहून ते सौम्य करून सांगायची सोय मला राहू नये म्हणून. मी म्हणाले, सुटले बाई एकदाची! तासभर नुसतं घोंगावणं ऐकायचं. अर्धं कळतसुद्धा नाही, मी आपली मान डोलवते आणि छान छान म्हणते. धाकटी हसली नाही. ती हसावी म्हणून मी तुझी नक्कल केली. ओठ एका बाजूला ओढून केली, चिमणे.

तुझ्या लेकीने हे सांगितलं तेव्हाही मी आधी तिच्यावरच उखडले. म्हटलं, चालू लाइनवर ऐकत बसायचं नाही हे तुझ्या आईला माझ्याआधी शिकवलं होतं. विसरली का? पोर शांतपणे म्हणाली, मावशी, आई ऐकत नव्हती बसली, ती ओरडत होती. मी स्वयंपाकघरातून धावत आले, तर ती पडद्याला तोंड लावून एकच म्हणत होती, लाइन चालू आहे, लाइन चालू आहे. आजारी पडल्यापासून इतकं स्वच्छ ती पहिल्यांदाच बोलली. आणि त्यानंतर ती बोललेलीच नाही. बोलण्याचा सराव घेणाऱ्या बाई येतात नि हात हलवत परत जातात.

शाळेत नन्सनी माझे उच्चार घासूनपुसून लख्ख केले. त्याच जोरावर मला बोर्डावर नोकरी मिळाली आणि जन्मभर मी दुसऱ्यांच्या उच्चारांवरून त्यांची लायकी ठरवत आले. पण बोर्डावर कुणी कितीही बोबडं बोलो, खोकत बोलो, रडत बोलो, आपण अंदाजाने कधी नंबर जोडला नाही. पुन्हा सांगा, म्हणायचो. परक्यांना दिलेला हा मान मी तुला दिला नाही. तुला विचारायची मला लाज वाटली, आणि त्या लाजेला मी तुझ्यावरची माया समजत राहिले.

फोन ठेवता ठेवता लेकीने विचारलं, मावशी, त्या दिवशी आईने तुम्हाला मामाचं सांगितलं ना? कसलं मामाचं, म्हणून मी विचारलं. तुझा भाऊ गेला, हे तू मला त्या तासात सांगत होतीस. शब्द जुळवून, थांबून, पुन्हा सुरू करून. आणि मी हसत हसत, अगं वा, छान झालं, म्हणाले. क्षमा मागायला हे पत्र नाही, ती मागायला तोंड कुठून आणू? शनिवारी सकाळच्या बसने येतेय, एवढं कळवायला आहे. दार उघडू नये वाटलं तर उघडू नकोस, मी पायरीवर बसेन. पण उघडलंस, तर मला भावाचं सगळं पहिल्यापासून सांग. जिथे कळणार नाही तिथे मी थांबवीन. तू चिडशील, मीही चिडेन. तरी मी पुन्हा विचारीन.

तुझीच,
बोर्डावर जिला तू मिरची म्हणायचीस ती