तीन मिनिटं गप्प

३ मार्च, सोमवार
विमल, तुझी स्मरणशक्ती म्हणजे आनंदच आहे. गेल्या फोनवर विचारलंस, अक्का, तू सिंगापूरला कधी जाणार? अगं, मी सिंगापुरातूनच बोलत होते! म्हणून आता रोजनिशी. मी सांगणार, माझी नात जाई लिहिणार. मला अक्षर येत नाही, तुला आठवत नाही, दोघींचं मिळून भागेल.

जाईच्या म्युझियमने आफ्रिकेतून आठ संगीतवाले सहा आठवड्यांसाठी बोलावलेत. पेटी-तबला नाही, लॅपटॉप आणि वायरी. त्याला रेसिडेन्सी म्हणतात. म्हणजे इथं राहायचं, आवाज गोळा करायचे आणि शेवटी लोकांना ऐकवायचे. त्यातली नैरोबीची वंजिरू उद्या आपल्याकडे येणार.

४ मार्च, दुपारी
आली. गोड पोरगी. मला शोशो म्हणते, म्हणजे त्यांच्यात आजी. फ्रिजला माईक लावला, पंख्याखाली धरला, समोरून LRTची छोटी रेल्वे जाते त्या खिडकीलाही लावला. आता तिला हवी आहे तीन मिनिटं घराची शांतता. रिकाम्या घराची नको, कोणीतरी गप्प बसलेल्या घराची. तिचं म्हणणं, दोन्हींचा आवाज वेगळा. खरंच आहे. तुझे भावजी रुसून बसले की घर कसं वाजायचं!

म्हटलं, मी बसते. मी मुळातच अबोल. जाई का हसली, कळलं नाही.

पहिला प्रयत्न, सव्वीस सेकंद. आता पाहुणी समोर बसलेली, चहा टाकू का विचारायचं नाही? कुठली रीत?

५ मार्च
जो गप्प बसेल त्याचं नाव म्युझियमच्या भिंतीवर, कार्डावर लागणार. जाईने आज सांगितलं. विमल, मला सही येत नाही, आणि अनसूया हे माझं नाव भिंतीवर! शनिवारपर्यंत जमलं नाही, तर मात्र वंजिरू वुडलँड्सच्या मधुवंतीकडे जाणार. मधुवंती! दहा दिवस मौनाच्या शिबिराला गेली होती, त्यावर अकरा महिने बोलतेय.

निश्चय केला. उद्यापासून पूर्ण मौन.

६ मार्च
मौन पाळलं. सकाळी सात ते सात दहा. मग बाळूने ऑफिसला निघताना डबा ओट्यावरच ठेवला. आई म्हणून काही कर्तव्य असतं.

दुपारी दुसरा प्रयत्न. एक मिनिट चार सेकंद. कोकीळ ओरडायला लागला, त्याला फक्त गप म्हटलं. शांतता राखण्यासाठीच ना? वंजिरू हसत म्हणाली, कॅन, कॅन, शोशो, म्हणजे जमेल, जमेल. आल्यापासून इथलं बोलणं उचललंय तिनं.

७ मार्च, शुक्रवार
आज डोळे मिटून बसले. डोळे मिटले की तोंड आपोआप मिटतं, असा माझा शोध. तीन मिनिटं पूर्ण! पण जाई म्हणते, दुसऱ्या मिनिटापासून तू घोरत होतीस. मी घोरत नाही. माझा श्वास जरा भरीव आहे. जाई, हे लिहू नकोस.

८ मार्च, शनिवार
शेवटची संधी. पदराचं टोक दातात धरलं. कोकीळ ओरडला, ओरडू दिला. बाळूचा फोन वाजला, वाजू दिला. वंजिरूने बोटांनी दाखवलं, दहा सेकंद राहिले. नऊ. आठ. सात.

विमल, मी म्हटलं, "जमलं गं!"

मोठ्याने म्हटलं म्हणे.

वंजिरू वायरी गुंडाळून गेली. जाताना मला मिठी मारली. म्हणजे मधुवंतीकडे काही जाणार नाही. तेवढं माणूस मला कळतं.

१० मार्च
मधुवंतीकडे गेली. एका झटक्यात तीन मिनिटं. मधुवंतीने स्वतः फोन करून सांगितलं, पाऊण तास. मला काही वाटलं नाही. जेवले मात्र नाही, पोट जड होतं.

१५ मार्च, शनिवार
म्युझियमचा कार्यक्रम. आपण मोठ्या मनाने गेलो. नेसले ती जांभळी पैठणी.

आत जाताना दारापाशी मोठ्या अक्षरांची पाटी दिसली. म्हटलं, असेल बाई, वंजिरूने लावलंच असेल माझं नाव. शेजारी उभी राहून बाळूला सहा फोटो काढायला लावले. नंतर जाईने वाचलं. कृपया शांतता राखा.

मग अंधार झाला, वंजिरूचे ढोल छातीत घुमायला लागले. मधुवंतीच्या घराची शांतता होती म्हणे कुठेतरी, मला काही ऐकू आली नाही. तेवढ्यात एक बाई मध्येमध्ये बोलायला लागली. चहा टाकू का? गप! जमलं गं! पुन्हा चहा टाकू का? पोरं त्यावर नाचायला लागली, चिनी, मलय, सगळी. मी जाईला म्हटलं, कोण ही बया, श्वास तरी घेते का? जाई हसता हसता खालीच बसली. बाळू बघतच नव्हता माझ्याकडे.

कार्डावर दोन नावं आहेत. जाईने बोट ठेवून वाचून दाखवलं. शांतता: मधुवंती. व्यत्यय: अनसूया.

व्यत्ययावर लोक नाचले, एवढं लक्षात ठेव. नाही राहणार, म्हणून दोनदा लिही गं जाई.

१६ मार्च
वंजिरू सकाळी जेवायला आली. म्हणते, शोशो, पुढचं काम तुझ्या खाण्याच्या आवाजांवर करते. माईक आता ताटाशी आलाय. तर विमल, तुझा जावई निशिकांत शुक्रवारी येतोय, त्याच्याबरोबर चकली नको, कडबोळी नको, चिवडा तर मुळीच नको. सांज्याच्या पोळ्या पाठव, वीसेक, तूप लावून, मऊ.