खताच्या ढिगावरची राखेची रेघ

आबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी खताचा ढीग दिसला की मी आधी त्याची उंची डोळ्यांनी मोजते. संशयाची ही खोड तुमचीच. तेव्हा निजामाचा अंमल होता, कोण कुणाची चुगली ठाण्यातल्या अमीनसाहेबाकडे करील याचा भरवसा नव्हता, पण तुमचा सगळा संशय खालच्या शेतातल्या शेजाऱ्यावर. गावातल्या उकिरड्यावर तो हात मारील म्हणून तुम्ही वैशाखातच सगळं शेणखत रानात नेलंत. पसरलं तर चोरी कळायची नाही, म्हणून रब्बीच्या ज्वारीच्या पेरणीपर्यंत बांधाला लागून एकच ढीग ठेवलात आणि खळ्यावरच्या राशीला मारतात तशी त्याच्यावर राखेची रेघ मारलीत. पावसात रेघ पुसली, ढीग खचला. खाली शेजाऱ्याच्या कपाशीची पऱ्हाटी काळीभोर झाली, आपली ज्वारी मात्र पिवळीच उगवली. तुम्ही बांधावर उभे, तो खाली त्याच्या रानात, मी भाकरी घेऊन तुमच्या मागे.

"माझं खत कुठं गेलं?"

"मी हात बी लावला न्हाई, पाव्हणं. पाणी वरून खाली यायलंय, त्याला मी काय करू?"

"पाण्याला हात असतेत व्हय? चोर हायस तू!"

त्याच्या धाकट्या मुलाशी माझी सोयरीक ठरली होती. ती तुम्ही तिथल्या तिथे मोडलीत. ताडकळसच्या बाजारात लोक त्याला खतचोर म्हणू लागले, तसा त्याने बाजारच सोडला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोरच नव्हता.

मला ते ठाऊक होतं. श्रावणात तांदुळजा खुडायला गेले, तेव्हा ढिगाखालून गुळवण्याच्या रंगाचं पाणी बांधातून पाझरताना मी पाहिलं. खताचा सगळा कस त्याच्या पऱ्हाटीत उतरत होता, आपल्याला उरला तो चोथा. माझ्या एका शब्दाने भांडण मिटलं असतं. पण त्या घरची थोरली सून पाणवठ्यावर पाठीचे वळ लपवायची, आणि मला तिची जाऊ व्हायचं नव्हतं. साऱ्या गावावर संशय घेणारे तुम्ही, मला एकदाही विचारलं नाहीत. विचारलं असतंत तरी मी खोटंच बोलले असते.

शेजारी चोर म्हणूनच मेला. माहेरी आले की त्याचा नातू दिसतो, अजून तेच रान करतो. हे पत्र खरं तर त्याच्या हातात द्यायला हवं. म्हणूनच वर तुमचं नाव घातलं, म्हणजे कुणाला द्यावं लागणार नाही.