वरची खाच

४ फेब्रुवारी

नावघराचा नदीकडचा खांब निघाला! सकाळी नऊला सुरुवात, दुपारी दोनला मोकळे. बुंधा एवढा कुजला होता की सुताराने नुसत्या बोटाने भोक पाडून दाखवलं. नवा खांब त्याच जातीच्या लाकडाचा, त्याच जाडीचा. चौकटीत असा बसला की मी दोन पावलं मागे जाऊन बघतच राहिले.

दोन वर्षांपूर्वी या नावघरात फक्त कबुतरं होती. आता छप्पर आहे, लाकडी जमीन आहे, नदीकडचं दार उघडतं आणि बंदही होतं. नदीकाठच्या अकरा गावांतल्या जुन्या वास्तू खात्याने जतनासाठी घेतल्या, त्यात पहिलं पूर्ण होणारं काम माझं. मिरवावंसं वाटतंय. मिरवते. इथे कोण बघतंय!

५ फेब्रुवारी

सुतार आला नाही. खांबाचं तेल वाळतंय, मीही खुर्चीत वाळतेय.

८ फेब्रुवारी

मामंजींचा फोन. पूल होईपर्यंत माझे सासरे याच काठावर नाव चालवायचे. नाव बंद झाली तेव्हापासून शहरात आमच्याकडे. म्हणाले, "सूनबाई, खांबाला तेल फार चोपडू नका हं. खाचा बुजतील."

"कसल्या खाचा, मामंजी?"

हसले. "अगं, पुराच्या! नदीकडच्या खांबावर. नऊ आहेत."

मग सांगत बसले. पूर आला की पाणी कुठवर चढलं तिथे त्यांचे वडील पटाशीने खाच पाडायचे. सगळ्यात वरची खाच मामंजींनी स्वतः पाडली, सात वर्षांचे असताना, वडिलांच्या खांद्यावर बसून. "वडील एक नंबरचे थापाडे. त्यांनी धरलेला मासा दर जेवणाला वीतभर वाढायचा. पण त्या खांबावर बोटभरही खोटं नाही. जन्मात तेवढं एक खरं केलं माणसाने."

मी म्हणाले, "आहेत ना. सगळ्या आहेत."

फोन ठेवला आणि पाहणीचा कागद काढला. खांब क्रमांक तीन. बुंधा कुजलेला. पृष्ठभागावर चाकूचे ओरखडे. जतन करण्याजोगे काही नाही. अक्षर माझं, सही माझी.

दोन वर्षं! ज्याने इथे अख्खी हयात काढली तो माणूस माझ्याच घरी, शेजारच्या खोलीत बसून पेपर वाचत होता. मी जुने नकाशे चाळले, दप्तरं उपसली, दोन प्रोफेसरांची डोकी खाल्ली. त्यांना एक शब्द विचारला नाही. सुट्टीला घरी गेले की तेच विचारायचे, "काय म्हणतंय माझं नावघर?" आणि मी म्हणायचे, "टेक्निकल आहे हो सगळं, मामंजी." काय पण अक्कल!

९ फेब्रुवारी

सुताराला विचारलं, जुना खांब कुठे आहे. आवाज शक्य तितका सहज ठेवला.

"तो होय? तुम्हीच म्हणालात ना बाई, वाया काही घालवू नको. वरचा भाग चांगला कडक होता. पाचरी काढल्या." आणि पायाने जमिनीवर ठकठक केलं.

जमीन करकरू नये म्हणून फळ्यांखाली ठोकल्यात म्हणे. सत्तेचाळीस पाचरी, रंधा मारून, नीट निमुळत्या केलेल्या. उरलेला भुगा सरस गरम करायला जाळला. फार कौतुकाने सांगत होता.

"छान केलंत," म्हणाले. दिवसभर त्या जमिनीवर मला धड पाय टेकवता आला नाही.

१० फेब्रुवारी

फोन वाजला. चार घंट्या होईपर्यंत उचलला नाही. मामंजींचा नव्हता. विजेचं बिल.

१२ फेब्रुवारी

पालिकेचे इंजिनिअर आले. खालच्या गल्लीत बालवाडी बांधतायत, जोतं किती उंच घ्यायचं ते ठरत नाहीये. सगळ्यात मोठ्या पुराचं पाणी कुठवर आलं याची नोंद नाही, कारण त्या सालचं दप्तर त्याच पुरात गेलं! यावर ते स्वतःच खूप हसले. मग म्हणाले, "मासळीवाली म्हणत होती, तुमच्या खांबावर खुणा आहेत. त्या मिळाल्या की आमचं काम झालं."

आत्ता सांगायचं होतं. तोंड उघडलंसुद्धा. शब्द आले ते असे — "तेल वाळतंय. पुढच्या आठवड्यात या."

माणूस आभार मानून गेला.

१४ फेब्रुवारी

एक फोटो सापडला. काम सुरू झालं त्या पहिल्या दिवसाचा. मी मधोमध उभी, हातात टेप, चेहऱ्यावर सगळ्या जगाला वाचवायला निघाल्याचा भाव. मागे तो खांब. भिंग लावून मोजल्या, आठ खाचा स्पष्ट दिसतात. दाराच्या बिजागरीपासून अंतरं काढता येतील.

नववी दिसत नाही. खांबाच्या वरच्या भागावर खिळ्याला माझी लाल पिशवी लटकते आहे. टांगायला मला तोच खिळा सापडला!

१५ फेब्रुवारी

सुताराची सुट्टी होती. मी केलं.

आठ खाचा फोटोवरून मोजून पाडल्या. नववी अंदाजाने. खालच्या खाचांमध्ये जेवढं अंतर, साधारण तेवढंच वर. मग चहाचं पाणी, वर काजळी, वर कोरडं फडकं. जुनं नवं दिसू नये आणि नवं जुनं दिसू नये, हे शिकायला मी पाच वर्षं घालवली. दुसरं विसरायला एक दुपार पुरली. हात जरासुद्धा चुकला नाही. याचीच जास्त लाज वाटते.

स्वतःला सांगितलं की मामंजींसाठी करतेय. त्यांचं मन मोडू नये म्हणून. धादांत खोटं. मला माझी वाहवा हवी होती आणि ओरडा नको होता.

१६ फेब्रुवारी

सुतार आला. खांब पाहिला. मला पाहिलं. रंधा उचलून कामाला लागला. रोज माझा चहा तोच आणतो, तो आज आणला नाही.

२० फेब्रुवारी

इंजिनिअर यंत्र, तिवई, माणूस घेऊन आले. वरच्या खाचेवर पट्टी धरली. तिथून यंत्राने उंची खालच्या गल्लीत नेली. "किती नेमक्या खुणा! बाई, जुन्या लोकांना मानलं पाहिजे."

मी त्यांना चहा विचारला.

२ मार्च

उद्घाटन. साहेबांनी नदीच्या आठवणींवर पाऊण तास भाषण केलं. साहेब नदी बघतात ती कारच्या काचेतून. खांबाशेजारी फलक लावलाय — नावाड्यांच्या दोन पिढ्यांनी कोरलेल्या नऊ अस्सल खाचा. मजकूर खात्याने छापला, तपासून मी दिला. 'अस्सल' शब्दावर पेन्सिल थांबली होती. मग पुढे गेली.

नवरा मामंजींना घेऊन आला. मोतीबिंदूमुळे आता त्यांना सगळं धुकट दिसतं. नव्या जमिनीवर चपला काढून चालले. मला म्हणाले, "करकरत नाही. बेस केलीस." मग सरळ खांबापाशी गेले, कोणी धरायला लागलं नाही.

खालच्या खाचेपासून बोटं फिरवत वर गेले. एक, दोन, ओठ हलत होते. आठव्यापर्यंत सगळं ठीक. मग त्यांनी हात पूर्ण वर केला, टाचा उचलल्या, आणि तिथे चाचपलं. खांब तिथे गुळगुळीत. हात तसाच राहिला जरा वेळ. मग हळूहळू खाली आला, कपाळापर्यंत, आणि माझी खाच सापडली. त्यांनी तिच्यात अंगठा घातला. कडेवरून फिरवला.

लोक टाळ्या वाजवत होते.

"सुरेख झालंय," मामंजी म्हणाले. माझ्याकडे तोंड नव्हतं त्यांचं.

३ मार्च

नवरा परत गेला. मामंजी राहिले. "चार दिवस नदी बघतो." माझ्या भाड्याच्या खोलीत ते खाटेवर, मी गादीवर.

सकाळी चहा पिताना म्हणाले, "सूनबाई, काही बोलायचंय का?"

"नाही, मामंजी."

"बरं." बशीत चहा ओतला, गार होईपर्यंत फुंकत बसले.

५ मार्च

खालच्या गल्लीतून मुद्दाम गेले. सूत बांधलंय जोत्याचं. माझ्या गुडघ्याच्या जरा वर; गल्ली नावघरापेक्षा बरीच चढावर आहे. बालवाडीच्या बाई धावत आल्या, "तुमच्या खांबामुळे अडलेलं काम सुटलं हो!" बेचाळीस मुलं आहेत. एकाने माझा पदर ओढून विचारलं, ही आमची शाळा का?

मामंजींचा वर गेलेला हात डोळ्यांसमोरून जात नाही. माझी खाच हातभर खाली आहे. म्हणजे तसा पूर आला तर या जोत्यावर हातभर पाणी. त्या पोरांच्या छातीपर्यंत.

६ मार्च

कागद लिहिला. खांब मी काढला, खुणा मी न पाहता घालवल्या, खोट्या मी पाडल्या, वरची चुकीची आहे. चार वाक्यं. लिहायला तीन तास. चारदा फाडला, कारण दर वेळी त्यात कुठून तरी 'दुर्दैवाने' शिरत होतं. दुर्दैव कसलं? मी केलं.

नोकरी जाईल बहुतेक. नावही जाईल. जाऊ दे.

पालिका उद्या-परवा बंद. मामंजी दुपारभर बाहेर होते. कुठे गेला होतात विचारलं तर म्हणाले, "पाय मोकळे करायला." आल्यावर न जेवता भिंतीकडे तोंड करून पडले.

९ मार्च

पालिकेचं दार उघडायच्या आधी जाऊन उभी राहिले. इंजिनिअरनीच आधी सुरुवात केली. "बरं झालं आलात! जोतं हातभर वाढवतोय. तुमचे सासरे सुट्टीच्या आदल्या दिवशी येऊन गेले. लिहून दिलंय त्यांनी, सहीसकट." कागद माझ्यापुढे सरकवला. वाकडंतिकडं अक्षर, ओळी एकमेकींवर चढलेल्या.

आमचे वडील थापाडे होते. खांबावरही त्यांनी थापच मारली. वरची खाच हात पोचेल तिथे पाडली, पाणी त्याच्यावर हातभर होतं, मी पाहिलं आहे. मला त्यांनी खांद्यावर घेतलं नव्हतं. त्या खुणांवर कोणी विसंबू नये.

"आम्ही उगाच डोक्यावर घेतलं होतं त्यांच्या त्या थापाड्या बापाला," इंजिनिअर म्हणाले. "फलकावरचं ते 'अस्सल' तेवढं काढून टाका."

मी लाल पिशवी टेबलावर ठेवली आणि माझा कागद बाहेर काढला.