गंधारला गार ठेवताना

नॉटिंगहॅम,
१२ फेब्रुवारी २००९

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनानंच जुळवतोस, म्हणून लिहिते. माझ्या गंधारची सायकल बर्फावर घसरली. मणका मोडून आतल्या मज्जारज्जूला मार बसलाय. ऑपरेशन झालं, पण कमरेखाली काही हालत नाही, स्पर्शही कळत नाही. आत सूज वाढू नये म्हणून त्याला झोपवून गार पाण्याच्या गादीवर ठेवलंय, अंगाचं तापमान सदतीसवरून तेहेतीस अंशांवर आणलंय. ट्रायल आहे म्हणे. मीच हो म्हटलं.

आणि मीच घोळ घातला. हात लावला तर पोर गारठलेलं! नर्सची पाठ फिरताच मी त्याच्या अंगावर गोधडी पांघरली, त्याला कानटोपी घातली. तापमान चढलं, मशीन कोकलायला लागलं. नर्सनं कानटोपी दोन बोटांत धरून मला परत दिली. दादा, माझ्यामुळे त्याचे पाय गेले तर?

लोभ कमी करू नकोस.
तुझी अनुराधा


पिनर,
१४ फेब्रुवारी

चि. अनूस अनेक आशीर्वाद.

जन्मभर भूल देण्याचं काम केलं, पण कन्सल्टंटचा इलाज कानटोपीनं हाणून पाडणारी तू पहिलीच! आपली आई असती तर तिनं शेगडीच पेटवली असती. तुझी मंजिरीवहिनी पत्र वाचून हसली आणि आत जाऊन डोळे पुसून आली.

आता डॉक्टर म्हणून सांगतो. हा उपाय अजून सिद्ध झालेला नाही, म्हणून तर ट्रायल. थंडीनं किती वाचतं हेच कुणाला नक्की माहीत नाही, तर घटकाभराच्या उबेनं किती बिघडलं हे तुला कुठून कळणार? गंधार चालला तर श्रेय थंडीला, न चालला तर दोष अनूला, असला न्याय करू नकोस. भीती मलाही वाटते. मंगळवारी येतोय. तोवर वेळेवर जेव.

लोभ आहेच, शंका नको.
श्रीनिवास


नॉटिंगहॅम,
२६ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू भेटून गेलास, त्यानंतरही पाय तसेच होते. गंधार आता जागा असतो, बोलतो, हॉस्पिटलच्या चहाला नावं ठेवतो, मी समोर दिसले की हसतो. तेच मला बघवत नव्हतं.

आज बाहेरून आले ती तशीच त्याच्या पायाशी बसले आणि पांघरुणात हात घालून पाऊल धरलं. तो पेपर वाचत होता. मान वर न करता वैतागून म्हणाला, की आई, हात काढ, किती गार आहेत तुझे.

दादा, मी हात काढला नाही.

लोभ असाच राहू दे.
तुझी अनू