विंटरचा डब्ल्यू

अण्णा, पलूसजवळच्या त्या शाळेतला एक तास माझ्या मनातून अजून जात नाही. तुम्ही तिथे इंग्रजी शिकवत होता आणि मी नववीत, तुमच्याच वर्गात होते. तुमची नोकरी तात्पुरती, कायम करायचं की नाही हे नव्या हेडमास्तरांच्या हातात होतं. वार आणि महिने कॅपिटलने सुरू करायचे, ऋतू मात्र स्मॉलने, असं तुम्ही आम्हाला शिकवलं होतंत. त्या दिवशी हेडमास्तर मागच्या बाकावर येऊन बसले आणि फळ्यावरचं ‘विंटर’ बघून मध्येच उठले. “अहो, डिसेंबर मोठा आणि विंटर लहान? असं कुठं असतं का?” तुमच्या हातातला खडू घेऊन त्यांनी डब्ल्यू मोठा केला. पुढच्या बाकावरची एक मुलगी भाबडेपणाने म्हणाली, “सर, पर तुमीच तर बारका काढायला सांगितला हुता.” तुम्ही तिच्याकडे बघितलंत, मग हेडमास्तरांकडे. “माझं चुकलं,” म्हणालात. “मोठा लिहा.”

घरी आई भाकरी थापत होती. दप्तरही न उतरवता मी विचारलं, “अण्णा, खरं कुठलं?” आई मान वर न करता म्हणाली, “आवं, कायम हुईस्तवर गप ऱ्हावा. पोरीलाबी गप बसवा.” तरी तुम्ही चुलीपुढे बसून मला सगळं सांगितलंत. ऋतूचं नाव वाक्याच्या सुरुवातीला आलं, कवीने ऋतूला माणसासारखी हाक मारली, किंवा ते कशाच्या तरी नावाचाच भाग झालं, तरच कॅपिटल. एरवी स्मॉल. “तालुक्याला शिबिराचा फलक लागलाय, त्यावर ‘विंटर कॅम्प’ लिहिलंय. ते नाव आहे, म्हणून मोठा. साहेबांनी तोच बघितला असंल. अगदीच चूक न्हाई त्यांचं.” मग थांबून म्हणालात, “परीक्षेत मात्र त्यांचंच लिही.”

मी लिहिलं. सगळ्या वर्गाने लिहिलं. आणि उन्हाळ्याची सुट्टी संपली तेव्हा तुमच्या जागी दुसरेच सर आले.

तुम्ही साखर कारखान्यात, उसाच्या गाड्यांचं वजन करायला काट्यावर लागलात. त्यानंतर घरात इंग्रजीचं नाव नाही. मी मॅट्रिकचा धडा घेऊन आले की म्हणायचात, “आता आठवत न्हाई गं.” इतकी वर्षं जे शिकवलं ते माणूस असं विसरत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं; पण पुस्तक धरून तुमच्यापुढे उभं राहण्यापलीकडे मला काहीच करता येत नव्हतं.

पुढे साताऱ्याला डी.एड. करताना आमच्या बाईंनी तुमचाच नियम सांगितला. त्याच शनिवारी मी एसटी धरली. तुम्ही कारखान्यातून नुकतेच आला होता, न्हाणीत पाय धूत होता. “अण्णा, तुमचंच बरोबर होतं!” मी दारातूनच ओरडले. “बरं,” म्हणालात तुम्ही. पंच्याने पाय पुसलेत. “कराडला गाडी लगेच मिळाली का?”

आता तुम्हाला जाऊनही खूप वर्षं झाली. मीही जन्मभर इंग्रजी शिकवलं, हा नियम दरवर्षी शिकवला, आणि मला कुणीही अडवलं नाही. हे तुम्हाला पोचवायला मार्ग नाही, ठाऊक आहे. तरी एक सांगते. त्या ‘बरं’चा मला फार राग आला होता. तुम्ही एकदा तरी चिडायला हवं होतंत, माझ्यावर का होईना. अण्णा, तो राग अजून पुरता गेलेला नाही.